पेडल असेंब्ली : सुरुवात पायापासून

गाडी बनवायची म्हटलं की चर्चा सुरू होते ती इंजिनपासून. मग सस्पेन्शन, मग टायर. पेडल्सचा विषय निघतो सगळ्यात शेवटी. तोपर्यंत चेसिसच्या पुढच्या टोकाला जी जागा उरलेली असते तिथे ती कशीतरी ‘बसवली’ जातात. पण गाडी थांबवायची वेळ येते तेव्हा सगळा भरवसा याच एका भागावर असतो. म्हणून पेडल असेंब्लीचे डिझाइन उरलेल्या जागेपासून नाही, तर ड्रायव्हरच्या पायापासून सुरू झाले पाहिजे.

किट कार म्हणजे सुट्या भागांत विकत घेऊन स्वतः जोडायची गाडी. इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन यांच्या कंपनीने १९५७ साली ‘लोटस सेव्हन’ आणली. किट घेतल्यास टॅक्स वाचायचा, म्हणून लोक ती गॅरेजमध्ये जोडत. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांचे पुस्तक आले आणि ट्यूब कापून, वेल्ड करून तशीच ‘लोकॉस्ट’ बनवणारे अनेक जण तयार झाले. या गाड्यांत गिअरबॉक्सचा बोगदा दोन सीटच्या मधून जातो, त्यामुळे पाय ठेवायची जागा फार अरुंद. जुन्या गाडीची पेडल्स तिथे सहसा मावत नाहीत. स्वतःचीच बनवावी लागतात. आपल्या फॉर्म्युला स्टुडंट गाड्यांतही हीच गोष्ट.

१) तरफेचे गणित

पेडल म्हणजे शाळेत शिकलेली दुसऱ्या प्रकारची तरफ, अगदी अडकित्त्यासारखी. समजा पिव्होट खाली आहे, पुशरॉड त्याच्या ४० मिमी वर आणि पाय २०० मिमी वर. रेशो झाला ५. पायाने ३५० न्यूटन बळ लावले की पुढे १७५० न्यूटन मिळते. बॅलन्स बारने ते दोन मास्टर सिलिंडरमध्ये सारखे वाटले, तर प्रत्येकी ८७५. सिलिंडरचा बोअर १९.०५ मिमी असेल तर क्षेत्रफळ २८५ चौरस मिमी, म्हणजे दाब सुमारे ३१ बार.

आता बोअर १५.८७ मिमी घ्या. तेवढ्याच बळात दाब सुमारे ४४ टक्के वाढतो. पण तेवढेच ब्रेक ऑइल ढकलायला पेडलही ४४ टक्के जास्त दाबावे लागते. रेशो वाढवला तरी तेच. फुकट काहीच मिळत नाही! रोजच्या गाडीत सर्वोची मदत असते, म्हणून कमी रेशो चालतो. तेच पेडल सर्वो नसलेल्या गाडीत लावले तर दगडासारखे कडक लागते.

२) ताकद

घाबरलेला माणूस ब्रेक ‘दाबत’ नाही, त्यावर उभाच राहतो. फॉर्म्युला स्टुडंटचा नियम म्हणूनच सांगतो की ब्रेक पेडलने २००० न्यूटन सोसले पाहिजेत. वरच्या रेशोने पुशरॉडवर १०,००० आणि पिव्होटवर ८,००० न्यूटन येतात. एवढा भार नुसत्या पत्र्यावर टाकला तर पत्रा वाकतो, पेडल स्पंजसारखे लागते आणि आपण उगाच लाइनमधली हवा काढत बसतो. ब्रॅकेट चेसिसच्या ट्यूबवरच घ्या आणि पिव्होटच्या बोल्टला दोन्ही बाजूंनी आधार द्या.

३) जागा

कॅडमधला माणूस बूट घालत नाही. म्हणून प्लायवूडची पेडल्स करा आणि खऱ्या ड्रायव्हरला, खऱ्या बुटांसह, सीटवर बसवा. मग तपासा :

– ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहतो का?
– एका बुटाखाली दोन पेडल्स येत नाहीत ना?
– बूट स्टिअरिंग कॉलमला अडकत नाही ना?
– दाबलेला ब्रेक ॲक्सिलरेटरपेक्षा किंचित वरच राहतो का? (हील-अँड-टो करायला हे लागते.)
– डावा पाय टेकवायला जागा आहे का?

एक गोष्ट हमखास विसरली जाते. एक सर्किट फुटले तर बॅलन्स बार तिरका होतो आणि पेडल नेहमीपेक्षा खोल जाते. दुसऱ्या सर्किटला दाब येण्याआधीच ते फ्लोअरला टेकले, तर दोन सर्किट ठेवून उपयोग काय?

४) शेवटची जुळणी

पुशरॉड सिलिंडरच्या शक्य तितका सरळ रेषेत हवा. तिरका असेल तर सील एका बाजूने झिजते. पाय काढल्यावर पुशरॉडला साधारण १ मिमी मोकळीक ठेवा. नाहीतर मास्टर सिलिंडरमधले बारीक छिद्र उघडत नाही, गरम झालेले ऑइल परत जात नाही आणि ब्रेक पकडून राहतो. ॲक्सिलरेटरला दोन रिटर्न स्प्रिंग आणि पक्का स्टॉप द्या, म्हणजे पायाचा जोर केबलवर येणार नाही. क्लचलाही स्टॉप हवाच.

आणि हो, असेंब्ली पुढे-मागे सरकवता येईल अशी भोके ठेवा. पुढच्या वर्षी टीम बदलते, ड्रायव्हर बदलतो. गाडी मात्र प्रत्येकाच्या पायाला नीट बसली पाहिजे.