घरच्या घरी बैठे मेज



आपल्या बहुतेक घरांत पाट असतो, चौरंग असतो. परंतु मांडी घालून लिहिण्यास सोईचे असे मेज क्वचितच आढळते. त्यामुळे कित्येक मुले वही मांडीवर घेऊन व पाठ वाकवून अभ्यास करितात. असे मेज विकतच आणावे लागते असे नाही. पडवीच्या एका कोपऱ्यात, सुटीच्या आठ-दहा दिवसांत, वडील माणसांच्या देखरेखीखाली ते सहज तयार होते. ते कसे करावे, आणि प्रस्तुत लेखकाची त्यात कोणती चूक झाली, हे येथे सांगावयाचे आहे.

प्रथम माप, मग लाकूड. जमिनीवर मांडी घालून ताठ बसावे. गुडघ्यांची उंची, दोन गुडघ्यांमधील अंतर आणि कोपराची उंची मोजून कागदावर लिहावी. गुडघे चौकटीखाली अडकू नयेत व वरची फळी कोपरापेक्षा थोडीशीच उंच असावी, एवढे साधले म्हणजे झाले. उदाहरणार्थ, उंची 11 इंच, चौकट 28 इंच लांब व 21 इंच रुंद, आणि वरची फळी 32 इंच लांब, 23 इंच रुंद व पाऊण इंच जाड धरू. ज्याने त्याने आपल्या मापाप्रमाणे फेरफार करावा.

लाकूड सागवानी मिळाल्यास उत्तम. आपल्या कोकणात फणसाचे लाकूडही चांगले मिळते. आंब्याचे स्वस्त पडते, पण त्यास कीड लवकर लागते. लाकूड कोणतेही असो, ते पुरते वाळलेले असावे.

आता थोडे गणित. उंचीतून फळीची जाडी वजा केली म्हणजे पाय 10¼ इंच लांब होतात. ते दीड इंच, म्हणजे 12 सूत, चौरस असावेत. आडव्या पट्ट्या 2 इंच रुंद व 6 सूत जाड घ्याव्या. पट्टीच्या दोन्ही टोकांस कुसू काढावे. त्याची जाडी पट्टीच्या एक-तृतीयांश, म्हणजे 2 सूत असावी. पायाच्या मध्यभागी त्याच मापाचे भोक पाडले की दोन्ही बाजूंस 5 सूत लाकूड उरते. म्हणून भोकाची खोलीही 5 सुतांहून अधिक करू नये, नाहीतर दोन बाजूंची भोके आत एकमेकांस मिळून पाय दुर्बल होईल. भोक पायाच्या वरच्या टोकापासून अर्धा इंच खाली सुरू करावे, म्हणजे टोक फाटत नाही. या हिशोबाने लांब पट्ट्या 26¼ इंच व आखूड पट्ट्या 19¼ इंच भरतात. ही बेरीज प्रत्येकाने स्वतः करून पाहावी.

करवतीने कापताना रेघेच्या बाहेरून कापावे व मग पटाशीने रेघेपर्यंत यावे. पटाशीच्या धारेपुढे हात कधीही ठेवू नये. सर्व कुसवे कोरडीच बसवून पाहावी, आणि मगच सरस लावावा. सरस ओला असतानाच चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावे. 28 आणि 21 या बाजू काटकोनात असतील, तर कर्ण बरोबर 35 इंच आला पाहिजे. भूमितीच्या वर्गात पाठ केलेला सिद्धांत येथे हाताखाली खरा ठरलेला दिसतो.

आता माझी चूक. माझे पहिले मेज मी श्रावणात पुरे केले आणि वरची फळी चौकटीस चहूबाजूंनी खिळे ठोकून घट्ट बसविली. फाल्गुनात ती मधोमध उभी तडकली. मी लाकडास दोष देऊ लागलो, तेव्हा गावातील एक वृद्ध सुतार म्हणाले, "मास्तर, लाकूड तोडलं तरी ते पाणी पितच राहतं. त्याला हलायला जागा ठेवा."

त्यांचे म्हणणे शास्त्रास धरूनच होते. सरसगडाच्या पायथ्याच्या आपल्या पालीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चारच महिन्यांत. त्या हवेत फळी ओल शोषून फुगते व उन्हाळ्याकडे आकसते. लांबीत हा फरक नगण्य असतो. तो पडतो रुंदीत. फळीतील ओल शेकडा चार अंशांनी बदलली, तर 23 इंच रुंदीच्या सागवानी फळीत सुमारे दीड सुताचा फरक पडू शकतो. खिळ्यांनी जखडलेली फळी आकसू पाहते, तिला वाट मिळत नाही, म्हणून ती फाटते.

यास उपाय सोपा आहे. चौकटीच्या आतल्या अंगास लहान पट्ट्या जोडाव्या, त्यांत फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट भोके पाडावी, आणि खालून स्क्रू लावावे. आखूड बाजूंच्या मधला एकेक स्क्रू घट्ट असावा. बाकीच्यांस सरकण्यास जागा असावी. शेवटी रंधा मारून, पॉलिशपेपरने घासून, जवसाचे तेल फळीच्या वरून व खालून सारखेच लावावे. एकाच बाजूस लावल्यास फळी वाकते. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्या.

पालकांसही एक विनंती आहे. मुलाच्या हाती करवत दिसताच "हे तुझे काम नव्हे, पुस्तक घे," असे म्हणू नये. फिनलंडने 1866 च्या कायद्यानेच लोकशाळांत हस्तकलेस स्थान दिले. आपल्याकडे 1937 च्या वर्धा येथील शिक्षण परिषदेने उद्योगाभोवती शिक्षण गुंफावे असे सुचविले. आणि ज्या प्रभूच्या नावाने आपली शाळा चालते, तो तर नाझरेथमधील सुताराच्या घरीच वाढला.

माझे ते तडकलेले मेज मी टाकले नाही. फळी सोडवून, सांधून, नव्या रीतीने बसविली. त्यानंतर किती पावसाळे आले व गेले, फळी आपली फुगते आणि आकसते. तडा मात्र पुन्हा गेलेला नाही. हा लेखही त्याच मेजावर लिहिला आहे.