सामाईक डीपीवर मोबाइल स्टार्टर घेताना

शिरूर अनंतपाळ तालुक्यात घरणी आणि साकोळचे प्रकल्प असले तरी पुष्कळ रान विहिरी-बोअरवरच भिजतं, आणि ते पाणी उपसणारी वीज एकाच डीपीवरून बऱ्याच जणांना मिळते. म्हणून मोबाइल स्टार्टर घेताना ‘घरून चालू होतो का?’ हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. मोटर आपली, बोअर आपलं, पण रोहित्र सगळ्यांचं. तेव्हा लाइट आल्यावर हा स्टार्टर किती वेळ थांबून मोटर उचलतो, ते आधी विचारावं. साधा ऑटो स्विच थांबतच नाही. म्हणूनच तो काढा आणि कपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे.

हिशोब अवघड नाही. पाच एचपीची मोटर चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते, थेट सुरू होताना मात्र त्याच्या पाच-सहा पट. ६३ केव्हीएच्या रोहित्राची क्षमता ८४ अँपिअरच्या आसपास. अशा दहा मोटरी चालू असल्या तर ७५ अँपिअर लागतात, म्हणजे काम भागतं. पण ऑटोवर त्या एकाच क्षणी उठल्या की मागणी चारशेच्या आसपास जाते. दाब कोसळतो, मोटरींना वेग येत नाही आणि त्या तसाच जड प्रवाह ओढत राहतात. डीपीच्या पेटीत फ्यूजऐवजी जाड तार गुंडाळलेली असेल (आणि ती कुठे नसते?) तर वितळायचं ते वितळत नाही, रोहित्राची वाइंडिंग तापते. ऐन हरभऱ्याच्या पाण्यात डीपी जळाला की नवा येईपर्यंत महागातला स्टार्टर आणि साधा स्टार्टर दोन्ही सारखेच गप्प. याच दहा मोटरी अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या अंतराने उठवल्या तर शेवटचा माणूस साडेचार मिनिटं थांबतो. आठ तासांच्या पाळीत ४८० मिनिटं असतात.

यावर ठरलेला आक्षेप असा, की मी थांबलो आणि शेजारी थांबला नाही तर नुकसान माझंच. ते अर्धंच खरं. शेजाऱ्याच्या मोटरी वेगात आल्यावर जो उठतो, त्याला सावरलेला दाब मिळतो. त्याचीच मोटर रिवाइंडिंगला कमी जाते. दुसरा आक्षेप रात्रपाळीचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे: साप-विंचवाच्या अंधारात बांधावर जायला लावणारा सल्ला काय कामाचा? म्हणूनच मोबाइल स्टार्टर नको असं मी म्हणत नाही. वेळेचं अंतर लावता येणारा, एक फेज गेल्यावर आणि बोअर कोरडं पडल्यावर मोटर बंद करणारा घ्या. तो टू-जी सिमवर चालणारा असेल तर जिओचं सिम त्यात चालणार नाही, आणि सिमचा रिचार्ज संपला की फोनवरचा ताबाही संपला. मोटरी मुळातच जास्त झाल्या असतील तर मात्र कोणताही स्टार्टर उपयोगाचा नाही. तिथे वाढीव रोहित्रच मागावं लागेल.

वीज वाचेल, बिल कमी येईल, या जाहिरातीला तर भुलूच नये. जर्मनीत एकाच बॉयलरवर तापणाऱ्या इमारतींमध्ये लोक खोलीगणिक स्मार्ट व्हॉल्व्ह बसवतात, कारण उष्णतेच्या खर्चाचा मोठा हिस्सा प्रत्येक घराच्या वापरावर लावण्याचा नियम तिथे १९८१ पासून आहे. आपल्याकडे अनेक कृषिपंपांना मीटरच नाही, आकारणी एचपीवर. शिवाय २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत वीज मोफत. मोजमापच नाही तिथे यंत्र काय वाचवणार? वाचेल ती मोटर, केबल आणि डीपी. मला तेवढा फायदा पुरेसा वाटतो.

तेव्हा रब्बीच्या आधी डीपीवरच्या सगळ्यांनी एकदा बसावं, कोणाची मोटर कितव्या मिनिटाला उठणार ते ठरवावं आणि ती यादी प्रत्येकाने आपल्या मोबाइलमध्ये ठेवावी. पेटीतली जाड तार मात्र स्वतः हात न लावता लाइनमनकडूनच बदलून घ्यावी.