दावा चालू असताना नवा दोष सापडला तर

समजा, चिखलीतल्या एका सोसायटीने गळतीसाठी बिल्डरवर दावा लावला. मुद्दे निघाले, आणि मग पार्किंगच्या छताचे प्लास्टर गळून गंजलेल्या सळया उघड्या पडल्या. दाव्यात काँक्रीटबद्दल एक ओळही नाही. अशा वेळी कमिटी थेट तज्ज्ञ नेमण्याचा अर्ज देते आणि तिथेच फसते. दाव्यात जे मांडलेलेच नाही, त्यावरचा पुरावा कितीही भक्कम असला तरी न्यायालय तो विचारात घेत नाही. म्हणून आधी दुरुस्ती अर्ज, मग तज्ज्ञ.

पहिल्यांदा रोजनामा काढून दावा कुठवर आला ते पाहा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम १७ ला १ जुलै २००२ पासून जोडलेले परंतुक कडक आहे: सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती हवी असेल, तर पुरेशी दक्षता घेऊनही ही बाब आधी मांडता आली नसती, हे पटवावे लागते. विद्याबाई विरुद्ध पद्मलता (२००९) या निकालाने सरतपासाचे प्रतिज्ञापत्र दाखल होणे हीच सुनावणीची सुरुवात मानली. ते अजून दिले नसेल, तर आजच हालचाल करा.

दुरुस्ती अर्जात कोणत्या परिच्छेदानंतर कोणते वाक्य घालायचे ते शब्दशः लिहा. उशिराचे कारण तारखांनी सांगा: प्लास्टर कधी पडले, फोटो कधी काढले, इंजिनिअर कधी आला, बिल्डरला पत्र कधी गेले. ‘नजरचुकीने राहिले’ एवढ्यावर भागत नाही. नव्या मागणीची मुदत उलटली आहे का, दाव्याचे स्वरूपच बदलते का, हेही तपासा. रेवाजीतू बिल्डर्सच्या निकालात (२००९) या कसोट्या आहेत. आयुर्विमा महामंडळ विरुद्ध संजीव बिल्डर्स या मुंबईच्या प्रकरणात १९८६ च्या दाव्यातली नुकसानभरपाई वाढवायला सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्यता दिली खरी, पण तो दावा २००२ च्या आधीचा होता. त्यावर विसंबून राहू नका. अर्ज मंजूर झाला आणि न्यायालयाने वेगळी मुदत दिली नसेल, तर चौदा दिवसांत दुरुस्ती करून घ्या.

आता तज्ज्ञ. आदेश २६ नियम ९ खाली जागेच्या पाहणीसाठी, तर नियम १०अ खाली शास्त्रीय तपासणीसाठी कमिशनर मागता येतो. ‘बांधकाम निकृष्ट आहे का ते पाहावे’ असे मोघम मागितले, की समोरचे वकील ‘हे पुरावा गोळा करणे आहे’ म्हणतात, आणि अर्ज फेटाळला जाऊ शकतो. नेमके विचारा: कोणत्या खांबांतून गाभे (काँक्रीटचे कोअर नमुने) काढायचे, किती, कोणत्या प्रयोगशाळेत. आयएस ४५६:२००० प्रमाणे किमान तीन गाभे लागतात. त्यांची सरासरी ताकद त्या वयाच्या काँक्रीटच्या अपेक्षित घन-ताकदीच्या ८५ टक्के तरी हवी आणि एकही गाभा ७५ टक्क्यांखाली नको. हे आकडे प्रश्नातच घाला, म्हणजे अहवालाला उत्तर टाळता येणार नाही. कमिशनरचा अहवाल पुराव्यात धरला जातो. तुम्ही स्वतः नेमलेल्या इंजिनिअरला मात्र पिंजऱ्यात उभे राहून उलटतपास द्यावा लागेल, याची त्याला आधीच कल्पना द्या.

समोरच्याला नोटीस देऊन संयुक्त पाहणी होईपर्यंत खांबांना हात लावू नका. छत धोक्याचे असेल तर मात्र थांबू नका: आधी टेकू लावा, गाड्या हलवा, फोटो काढा आणि त्याच दिवशी न्यायालयाला लेखी कळवा.