मामांची सही
(शब्बाथ शाळेच्या प्रौढ वर्गासाठी पाठ)

वाचनासाठी शास्त्रभाग : नीतिसूत्रे २२:२६-२७, अनुवाद २४:६, १०-१३, २ राजे ४:१-७, फिलेमोन १८-१९.

आपल्या कुटुंबांत एक गोष्ट नित्य घडते. भाच्याचा नवा संसार असतो, हाती पैसा नसतो आणि बाजारात पत नसते. मग मामा पुढे होतात. त्यांच्या पतीवर कपाट, शिवणयंत्र, फ्रीज घरात येतो. हप्ते भाच्याने भरायचे असे तोंडी ठरते. पुढे धंदा बुडतो व भाच्याला नादारीचा अर्ज करावा लागतो. अशा वेळी वस्तूंचे काय होते आणि मामांचे काय होते, हे आज आपण पाहू.

प्रथम कायदा. मुंबई, कोलकाता व चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा आणि इतरत्र बहुतेक ठिकाणी १९२० चा नादारीचा कायदा आहे. २०१६ च्या नव्या संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, पण तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. साध्या गृहस्थाला जुनाच कायदा पाहावा लागतो.

आता पहिला प्रश्न विचारावा : कागदावर नाव कोणाचे? खरेदी मामांच्याच नावे असेल तर दुकानदाराचे देणेकरी मामाच. भाच्याच्या दिवाळ्याने त्यांचा एक पैसाही कमी होत नाही. खरेदी भाच्याची व मामा जामीन असतील, तरीही तेच. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२८ सांगते की, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. १९२० च्या कायद्याचे कलम ४४ स्पष्ट म्हणते की नादाराला मिळालेली मुक्तता त्याच्या जामीनदाराला लागू नाही. भाच्याकडून मामांचे जे येणे, तेही इतर धनकोंच्या रांगेत जाते व वाट्याला येईल तेवढेच मिळते. थोडक्यात, भाचा सुटतो आणि मामा अडकतात.

दुसरा प्रश्न : वस्तूंची मालकी कोणाची? भाड्याने-खरेदीच्या करारावर घेतलेली वस्तू शेवटचा हप्ता फिटेपर्यंत देणाऱ्याचीच राहते. मामांनी ती केवळ वापरायला दिली असेल तर ती मामांची. मात्र पावती जपलेली हवी. भाच्याच्या मालकीची असेल तर ती न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते.

परंतु सर्वच जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे ऋणको, त्याची पत्नी व मुले यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, खाटा व अंथरूण-पांघरूण, धर्मरूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने आणि कारागिराची हत्यारे जप्त होत नाहीत. फ्रीजचे नाव त्या यादीत नाही. शिवणयंत्रावर पोट भरणाऱ्या शिंप्याला मात्र कारागीर म्हणून हे संरक्षण मागता येते.

येथे शास्त्र आठवते. जात्याची तळी गहाण घेऊ नये, गरिबाचे पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत द्यावे, असे अनुवादात सांगितले आहे. आणि फेडायला काही नसता जो जामीन राहतो, त्याच्या अंगाखालचे अंथरूणही जाईल, असा इशारा नीतिसूत्रांत आहे. लक्षात घ्या, तो इशारा कर्ज काढणाऱ्या भाच्याला नाही, हमी देणाऱ्या मामांना आहे.

आणखी एक मोह सांगतो. अर्ज करण्यापूर्वी गुपचूप मामांचे तेवढे फेडावे, असे भाच्याला वाटते. भावना चांगली, पण कलम ५४ प्रमाणे अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत एका धनकोला मुद्दाम झुकते माप दिले, तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो. वस्तू मामांच्या घरी लपवणे तर सरळ अप्रामाणिकपणा आहे. अर्जाच्या यादीत मामांचे देणेही लिहावे आणि अर्जापूर्वीच मामांना घरी जाऊन सांगावे. नोटीस हाती पडल्यावर त्यांना कळणे, ही खरी जखम आहे.

मुक्ततेनंतर कायदा भाच्याला विचारीत नाही; पण पुढे स्वकष्टाच्या कमाईतून स्वेच्छेने मामांचे फेडायला कायदा आडवाही येत नाही. अलीशाच्या सांगण्यावरून त्या विधवेने तेल विकून आधी देणे फेडले व उरलेल्यावर मुलांसह गुजराण केली. पौलाने अनेसिमाचे देणे स्वतःच्या खाती मांडायला सांगितले. तेव्हा जामीन राहणे पाप नव्हे; पण सही करताना ते देणे आपणच भरणार असे समजून, घरच्यांना विचारून व झेपेल तेवढ्यापुरतीच करावी.

वर्गात चर्चेसाठी :
१. आपण कोणासाठी सही केली आहे? आपल्या पत्नीला किंवा पतीला ते ठाऊक आहे काय?
२. नातलगाला नम्रपणे ‘नाही’ कसे म्हणावे?
३. कायद्याने सुटलेले कोणते देणे आपल्या मनावर अजून आहे?