मास्कच्या कापडातली वीज

कोंबड्या पाळणाऱ्या घरांसाठी एक धडा

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्या पटापट मरू लागल्या. नमुने भोपाळच्या आनंद नगरमधील पशुरोग प्रयोगशाळेत गेले. तेथे १८ फेब्रुवारीला निदान झाले: एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. भारतातील ही पहिलीच साथ. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. त्या साथीत माणसाला लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही. पण हा विषाणू माणसालाही होतो व जीव घेतो, हे विसरू नये. हीच प्रयोगशाळा आज राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था म्हणून ओळखली जाते. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावी कोंबड्या मेल्या, तेव्हाही निदान तेथूनच आले.

कोंबड्या मारणारी पथके अंगभर झगे, चष्मे व मास्क घालून खुराड्यांत शिरत. आपण मात्र तोंडाला उपरणे किंवा पदर गुंडाळतो. दोहोंत फरक काय?

फणीचा प्रयोग

कोरड्या केसांतून प्लास्टिकची फणी फिरवा आणि कागदाच्या कपट्यांजवळ धरा. कपटे उडून चिकटतात, कारण घासण्याने फणीत विजेचा भार साठतो. चांगल्या मास्कच्या मधल्या थरात हीच युक्ती आहे.

हा थर पॉलिप्रॉपिलीनचा असतो. आपल्या खताच्या गोण्याही बहुधा याच प्लास्टिकच्या. ते वितळवून बारीक छिद्रांतून गरम हवेच्या झोताने फुंकतात. केसाहून वीसपट व त्याहूनही बारीक तंतूंचे न विणलेले कापड तयार होते. मग उच्च दाबाची वीज लावून त्यात भार भरतात. प्लास्टिकमधून वीज वाहत नाही, म्हणून तो भार बराच काळ टिकतो. अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाचे पीटर साई यांनी १९९० च्या दशकात ही रीत पुढे नेली. त्याही आधी, १९३० मध्ये, डेन्मार्कच्या हान्सेन यांनी लोकरीत राळेची पूड मिसळून भारित गाळणी केली होती.

भाराचा उपयोग

उपरणे चाळणीसारखे असते. छिद्रांहून मोठा कण अडतो, बारीक कण पार होतो. छिद्रे फार लहान केली तर श्वास कोंडतो. भारित कापडात तंतूंमध्ये जागा मोकळी असते, श्वास सुखाने चालतो आणि जवळून जाणारा कण तंतूकडे ओढला जातो. विषाणू एकटा क्वचितच हिंडतो. तो थुंकीच्या थेंबावर किंवा विष्ठेच्या धुळीवर स्वार असतो. एन९५ मास्क चाचणीतील अतिबारीक कणांपैकी किमान ९५ टक्के अडवतो. अर्थात तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दाढी असली किंवा नाकाजवळ फट राहिली, तर हवा बाजूनेच आत येते.

भार कशाने जातो?

साबणाने धुतल्याने आणि स्पिरिट लावल्याने. कापड दिसायला नवे राहते, पण त्यातली वीज गेलेली असते. म्हणून हा मास्क कधीही धुऊ नये. मळणीच्या धुळीत वापरलेला मास्क कोरड्या जागी कागदी पिशवीत टांगून ठेवावा व पुन्हा वापरावा. ओला झाला, फाटला, दोरी सैल पडली किंवा श्वास जड होऊ लागला तर टाकून द्यावा. आजारी कोंबड्यांत वापरलेला मास्क पुन्हा घालू नये.

एक मोठा इशारा

हे कापड कण पकडते, वायू पकडत नाही. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळवर पसरला तो विषारी वायू होता. असा मास्क त्याला अडवू शकत नाही. कीटकनाशकाच्या वाफेलाही हेच लागू. फवारणीसाठी त्या औषधाच्या डब्यावर सांगितलेलेच साधन वापरावे.

खुराड्यात मरतुक दिसली तर

१. मेलेली कोंबडी उघड्या हाताने उचलू नका, सोलू नका, विकू नका.
२. मुलांना व इतर जनावरांना दूर ठेवा.
३. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. लपवल्याने शेजाऱ्याचेही खुराडे जाते.
४. आत जाणे भागच असेल तर मास्क व हातमोजे घाला. बाहेर आल्यावर मास्क दोरीला धरून काढा आणि साबणाने हात धुवा.

साबण हातांसाठी आहे, मास्कसाठी नाही. एवढे घरातल्या प्रत्येकाला सांगा.