रिकामी बरणी

वैशाख महिना लागला की घरोघरी कैऱ्या येऊ लागतात. लोणच्यासाठी फोडी चिरल्या जातात, साखरांब्यासाठी कैऱ्या किसल्या जातात आणि आजी फळीवरच्या बरण्या खाली उतरविते. चिनी मातीच्या मोठ्या बरणीशेजारी मधाच्या, कॉफीच्या, मुरंब्याच्या अशा काचेच्या लहानमोठ्या जुन्या बरण्याही असतात. आतील वस्तू संपली, म्हणून त्या कोणी फेकून दिलेल्या नसतात.

काचेचे गुणच तसे आहेत. आंबट पदार्थ पितळेच्या भांड्यात ठेवला तर तो कळकतो. लोखंडाला मीठ लागले की गंज चढतो. काचेवर मात्र मिठाचा किंवा आंबटाचा परिणाम होत नाही. ती तेल शोषून घेत नाही व वासही धरून ठेवीत नाही. शिवाय ती पारदर्शक असल्यामुळे आतील पदार्थावर बुरशी आली, तर ती बाहेरूनच दिसते.

परंतु केवळ बरणी चांगली, म्हणून पदार्थ टिकतो असे नव्हे. हवेत, पाण्यात व आपल्या हातांवर असंख्य सूक्ष्मजीव असतात. त्यांना वाढण्यास पाणी लागते. लोणच्यातील मीठ आणि साखरांब्यातील साखर हे पाणी ओढून घेतात. लोणच्यावरचे तेल हवेला आत शिरू देत नाही. मात्र बरणी ओलसर राहिली, तर लोणच्याला बुरशी येते आणि वर्षाची बेगमी थोड्याशा ओलाव्यापायी वाया जाते.

म्हणून जुनी बरणी वापरण्यापूर्वी काही नियम पाळावे लागतात. जिच्या काठाचा टवका उडाला आहे किंवा जिला तडा गेला आहे, ती बरणी घेऊ नये. जिच्यात फिनेल, रंग किंवा कीटकनाशक होते, ती कितीही धुतली तरी वर्ज्य समजावी. उरलेल्या बरण्या गरम पाण्याने स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. मग आजी निखाऱ्यावर हिंग टाकून बरणीला धुरी देते, लोणचे भरते, झाकण लावते आणि तोंडाला कोरडा दादरा बांधते. साखरांबा मात्र ती निवल्यावरच भरते. काचेतून उष्णता सावकाश पसरते. उकळता पदार्थ थंड बरणीत ओतला, तर आतील बाजू एकदम प्रसरण पावते, बाहेरील तशीच राहते आणि बरणी तडकते.

काचेच्या भांड्यात अन्न टिकविण्याचा इतिहासही मनोरंजक आहे. निकोला आपेर हा फ्रान्समधील एक मिठाई करणारा गृहस्थ. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याने जाड काचेच्या मद्याच्या बाटल्यांत अन्न भरले, बुचे घट्ट बसविली आणि त्या बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. ते अन्न पुष्कळ दिवस टिकले. १८१० साली फ्रान्सच्या सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले व त्याने आपली कृती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. अन्न का टिकते, हे मात्र त्याला उमगले नव्हते. सुमारे पन्नास वर्षांनी लुई पाश्चर या शास्त्रज्ञाने सूक्ष्मजीवांचे कार्य दाखविले, तेव्हा ते कोडे उलगडले. काही जंतूंची बीजे उकळत्या पाण्यातही जिवंत राहतात. म्हणून आंबट नसलेल्या भाज्या घरी अशा रीतीने साठविणे धोक्याचे असते.

काच वितळवून नवी बाटली घडविण्यास सुमारे १५०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. जुनी बरणी पुन्हा उपयोगात आणण्यास थोडे पाणी, थोडे ऊन आणि थोडी दक्षता पुरते. टाकून देण्यापूर्वी जो क्षणभर विचार करतो, त्याच्या घरी रिकामी बरणी फार दिवस रिकामी राहत नाही.

स्वाध्याय
१. लोणच्याची बरणी कोरडी का असावी लागते?
२. कोणत्या बरण्या खाद्यपदार्थांसाठी वापरू नयेत?
३. तुमच्या घरातील जुन्या बरण्यांचा उपयोग कसा केला जातो, ते दहा ओळींत लिहा.