ऋतुनिवृत्ती : सोसावे काय, सांगावे काय

आपल्या संस्थांच्या स्मरणिकांत मुलांच्या शिक्षणाविषयी आणि वृद्धांच्या सोयीविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु घराचा भार वाहणाऱ्या गृहिणीच्या पन्नाशीतील प्रकृतीविषयी सहसा कोणी लिहीत नाही. विषय संकोचाचा आहे, हे आम्ही जाणतो. तथापि या संकोचाने दुहेरी नुकसान होते. ज्याला उपाय आहे ते बायका निमूटपणे सोसतात, आणि जे कधीच सोसू नये तेही ‘या वयात चालायचेच’ म्हणून अंगावर काढतात. हा भेद प्रत्येक घराला ठाऊक असावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सलग १२ महिने पाळी आली नाही म्हणजे ऋतुनिवृत्ती झाली, असे वैद्यकशास्त्र मानते. सुश्रुतसंहितेत हा काळ पन्नाशीचा सांगितला आहे. अलीकडच्या पाहण्यांत भारतीय स्त्रियांचे सरासरी वय ४६-४७ च्या आसपास येते. हा रोग नव्हे. बीजांडकोशातून मिळणारे इस्ट्रोजेन ओसरते आणि शरीराला नवी घडी बसवावी लागते, इतकेच. त्याआधी काही वर्षे पाळी मागेपुढे होते. मात्र त्या काळातही दिवस राहू शकतात, हे विसरू नये. चाळिशीच्या आत पाळी गेल्यास डॉक्टरांना दाखवावे. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढल्यास हा त्रास एकाएकी सुरू होतो; म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी नेमके काय काढणार, हे विचारून घ्यावे.

सर्वांत अधिक तक्रार असते ती अंगातून वाफा निघाल्यासारखे होण्याची. छाती, मान, चेहरा तापतो, घाम फुटतो, काही मिनिटांत सारे शमते. मेंदूतील उष्णता राखणारे केंद्र हळवे झाल्यामुळे असे होते. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या ज्येष्ठातल्या रात्री आधीच झोप नसते. त्यात ही भर पडली म्हणजे दिवसा चिडचिड होणारच. तिला स्वभावदोष समजू नये. सैल सुती कपडे, उशाशी गार पाणी, निजण्याची हवेशीर जागा यांनी पुष्कळ आराम पडतो. कडक चहा, तिखट जेवण यांनी वाफा वाढतात असे वाटल्यास ते कमी करून पाहावे. वजन फार असल्यास ते उतरवल्याने गुण येतो. छातीत धडधड आणि घाम थायरॉइडच्या विकारातही होतो. म्हणून एकदा रक्त तपासून घेणे बरे.

एवढ्याने भागले नाही तर औषधे आहेत, आणि इस्ट्रोजेन हे त्यांत सर्वांत गुणकारी आहे. त्याविषयी धास्ती पसरली ती २००२ साली. त्या वर्षी अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासाचा एक भाग थांबवावा लागला. संप्रेरके घेणाऱ्यांत दरसाल १०,००० स्त्रियांमागे स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे ८ रुग्णा अधिक आढळल्या. परंतु त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आतील, किंवा पाळी जाऊन १० वर्षे न झालेल्या, त्रास तीव्र असलेल्या निरोगी स्त्रीला यापासून लाभच बहुधा अधिक, असे आज तज्ज्ञ मानतात. गर्भाशय असल्यास सोबत प्रोजेस्टोजेनही द्यावे लागते. स्तनाचा कर्करोग किंवा रक्तवाहिन्यांत गुठळी होऊन गेली असेल, तर डॉक्टर सहसा संप्रेरकांविना दुसरी औषधे देतात. शेजारणीची चिठ्ठी दाखवून गोळ्या आणणे सर्वथा वर्ज्य समजावे.

आणखी एक दुखणे फार लपवले जाते. योनिमार्ग कोरडा पडतो, संबंधाच्या वेळी दुखते, लघवीला जळजळ होते. वाफा काळाने कमी होतात, हे दुखणे मात्र आपोआप जात नाही. त्यावर लावण्याची सौम्य मलमे मिळतात. खोकताना लघवीचे थेंब जात असतील, तर लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळून सैल करण्याचा व्यायाम नित्य करावा. काही महिन्यांत फरक दिसतो.

हाडांची झीज मात्र बोलत नाही. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती झपाट्याने होते आणि पाय घसरून हाड मोडेपर्यंत कळत नाही. नाचणीची भाकरी, दूध, ताक, तीळ आहारात असावेत. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. रोज ऊन घ्यावे, भरभर चालावे, थोडे वजन उचलण्याचा व्यायाम करावा. मिश्री आणि तंबाखू सोडावी. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांची तपासणी वेळोवेळी करावी, कारण हृदयविकाराचा धोकाही यापुढे वाढतो.

आता मुख्य इशारा. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, एखादा डागही दिसला, तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. बहुतेकींत कारण साधे निघते. पण गर्भाशयाच्या कर्करोगाची ही पहिली खूण असू शकते, आणि वेळीच सापडल्यास तो बहुधा बरा होतो. ‘पाळी परत आली’ असे म्हणून स्वस्थ बसू नये.

शेवटी घरातील पुरुषमंडळींस विनंती. आजारी माणसास दवाखान्यात नेण्याचे काम या घरांत नेहमी तीच करीत आली आहे. आता तिला कोणी नेण्याची वेळ आहे. ‘तुला काही होतंय का?’ एवढे आपण होऊन विचारले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.